क्रेपिड्युलाच्या अळ्या सातव्या दिवशी तळाला का बसतात?

निवटी (प्रश्न)

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या क्रेपिड्युला फॉर्निकाटाच्या अळ्या प्रयोगशाळेत वाढवायचं काम चालू आहे. ही चपलेसारख्या कवचाची गोगलगाय. एकीवर एक चढून ढीग करून राहते, तळाला मादी आणि वर नर. ढीग हवेची नळी सोडलेल्या बरणीत ठेवले, माद्यांनी अळ्या सोडल्या, त्या चाळणीवर गोळा झाल्या. इथवर अडचण नाही.

पुढची मांडणी अशी: १ लिटरचा काचेचा बीकर, त्यात अंदाजे २००० अळ्या. तापमान २४ अंश, क्षारता ३२. पाणी १ मायक्रॉनमधून गाळलेलं, दर तिसऱ्या दिवशी बदलतो. खाणं म्हणून टी-आयसो (एकपेशी शैवाल), फ्लास्कमधून थेट, पाणी फिकट चहासारखं दिसेल इतकं. बीकरमध्ये एअरस्टोन, बुडबुडे मध्यम.

बाहेर पडताना कवचाची लांबी सरासरी ४४० मायक्रॉन होती. सहाव्या दिवशी ५६०. पाचव्या दिवसापर्यंत अळ्या छान पोहत होत्या. सातव्या दिवशी अर्ध्याहून जास्त तळाला, आणि पाचपन्नास पृष्ठभागावर चिकटून तरंगताहेत, खाली येतच नाहीत. सलग तीन खेपांना हेच झालं.

विचारायचं आहे ते असं: तळाला बसलेल्या अळ्या रूपांतरासाठी (पोहणं सोडून पिल्लू होण्यासाठी) बसल्यात की मरताहेत? अँटिबायोटिक सुरू करावं का? आणि तरंगणाऱ्यांचं काय करायचं?


तिसऱ्या

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. ५६० मायक्रॉनची क्रेपिड्युला रूपांतरासाठी तळाला बसत नाही. या जातीत ती तयारी साधारण ७०० मायक्रॉनच्या पुढे येऊ लागते, आणि बहुतेक अळ्या ८०० ते १००० च्या दरम्यान तयार होतात. तुमच्या आजारी आहेत. शिवाय वाढीचा वेग बघा: सहा दिवसांत १२० मायक्रॉन, म्हणजे दिवसाला २०. या तापमानाला, पोट भरलेलं असताना, ४०-५० तरी हवा. म्हणजे बिघाड सातव्या दिवशी झालेला नाही. तो पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून चालू आहे, डोळ्यांना सातव्या दिवशी दिसला इतकंच.

तुमच्या मांडणीत तीन गोष्टी खटकतात. सगळ्यात मोठी म्हणजे गर्दी. मिलिलिटरला २ अळ्या फार झाल्या. ४ मिलिला १ अळी धरा, म्हणजे ८०० मिलिच्या बरणीत २०० अळ्या. हे वाचून कंजूषपणा वाटेल, पण २००० मधल्या १५०० गमावण्यापेक्षा २०० मधल्या १८० मोठ्या करणं केव्हाही बरं. जास्त अळ्या हव्या असतील तर बरण्या वाढवा. एका बरणीत बिघाड झाला तर बाकीच्या वाचतात, हा फायदा वेगळाच.

दुसरी गोष्ट खाण्याची. रंग पाहून खाणं घालणं सोडून द्या. चहाचा रंग तुमच्या दिव्यावर, बीकरच्या जाडीवर आणि शैवालाच्या वयावर ठरतो. क्रेपिड्युलासाठी मिलिलिटरला १,८०,००० पेशी ही रुळलेली मात्रा आहे. ती मोजूनच द्या:

फ्लास्क हलकेच हलवून १ मिलि काढा, ९ मिलि गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात मिसळा, लुगॉलचा (आयोडिनच्या द्रावणाचा) एक थेंब टाका. टी-आयसो पोहणारी पेशी आहे, लुगॉलने ती थांबते आणि रंगतेही. मग हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या आखीव काचेवर) चारही कोपऱ्यांतले मोठे चौकोन मोजून सरासरी काढा. एका चौकोनावर ०.०००१ मिलि पाणी असतं, म्हणून सरासरीला १०,००० ने गुणा, आणि दहापट पातळ केलं होतं म्हणून आणखी १० ने. सरासरी ४० आली तर फ्लास्कमध्ये मिलिला ४० लाख पेशी. ८०० मिलिच्या बरणीला किती घालायचं? ८०० × १.८ लाख ÷ ४० लाख = ३६ मिलि. दोन दिवसांत हात बसतो, मग पाच मिनिटंही लागत नाहीत.

मोजण्याचा आग्रह एवढ्यासाठी की जास्त खाणं हे कमी खाण्याइतकंच वाईट. व्हेलमच्या (अळी जिने पोहते आणि खाते त्या पाकळ्यांच्या जोडीच्या) काठावर केसलांच्या, म्हणजे सूक्ष्म हलत्या केसांच्या, दोन ओळी असतात आणि मधल्या खोबणीतून अन्न तोंडाकडे सरकतं. पेशींचा पूर आला की अळी नको असलेल्या पेशी चिकट स्रावात गुंडाळून बाहेर टाकते. त्याचे धागे होतात, धाग्यांत दुसऱ्या अळ्या अडकतात, धागा तळाला जातो, तिथे जिवाणू, त्यामागून सिलिएट (केसलांनी पोहणारे एकपेशी जीव). तुमच्या बीकरमध्ये तीन दिवस पाणी तेच राहतं, म्हणजे पहिल्या दिवशी अजीर्ण आणि तिसऱ्या दिवशी उपास, दोन्ही एकाच खेपेत.

म्हणून तिसरी गोष्ट: पाणी दर दुसऱ्या दिवशी बदला, आणि प्रत्येक बदलाला खाणं नव्याने मोजून घाला. गाळणी शक्यतो ०.४५ मायक्रॉनची घ्या. १ मायक्रॉनमधून जिवाणू सर्रास जातात.

एअरस्टोन काढून टाका. टी-आयसो आपली आपण तरंगत राहते, तिला ढवळायची गरज नाही. आणि इतक्या कमी गर्दीत पाणी रोजच्या रोज बदलत असल्यासारखं ताजं राहतं, हवाही पुरते. बुडबुड्यांनी व्हेलम मिटतं, आणि मिटलेलं असेपर्यंत अळी खात नाही.

अँटिबायोटिकबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. अंड्यांच्या कॅप्सूलमधून (पिशवीतून) काढलेले भ्रूण वाढवायचे असतील तर लिटरला ५० मिलिग्रॅम स्ट्रेप्टोमायसिन कामाचं असतं, कारण भ्रूण खात नाहीत. खाणाऱ्या अळ्यांच्या पाण्यात तेच औषध शैवालाच्या हरितलवकालाही बाधतं. आणि गर्दी व उरलेलं खाणं तसंच ठेवून औषध ओतलं तर आठवड्याने त्याच जागी परत याल.


उधाण

वर खाण्याचं सगळं आलंय, मी तरंगणाऱ्यांवर आणि भांड्यांवर लिहितो.

पृष्ठभागावर चिकटलेल्या अळ्या सहसा आजारी नसतात, अडकलेल्या असतात. कवचाचा बाहेरचा थर पाणी झटकणारा असतो. एकदा कवच पाण्याच्या सालीतून वर आलं की पृष्ठताण त्याला धरून ठेवतो, आणि व्हेलमला तो तोडण्याइतकं बळ नसतं. एअरस्टोनमुळे हे वाढतं, कारण बुडबुडा अळीला उचलून थेट वर नेऊन सोडतो. उपाय जुना आणि स्वस्त आहे: सिटाइल अल्कोहोलचे पांढरे कण. अगदी दोनचार, चिमटीभर नव्हे. पृष्ठभागावर टाकले की त्यांचा पातळ थर पसरतो, ताण कमी होतो आणि अळ्या आपोआप खाली सुटतात. प्रत्येक पाणीबदलानंतर परत टाकावे लागतात. ते मिळेपर्यंत ड्रॉपरने वरून एकेक थेंब पाणी सोडून अळ्यांना खाली ढकला.

पण एक वेगळा प्रकारही असतो, त्याची गल्लत करू नका. सूक्ष्मदर्शकाखाली कवचाच्या आतच चकचकीत, काळ्या कडेचा गोल दिसला तर तो हवेचा बुडबुडा. थंड समुद्राचं पाणी घाईने २४ अंशांवर आणलं की त्यात विरघळलेली हवा जास्त होते, आणि ती अळीच्या अंगाशी सुटते. इथे सिटाइल अल्कोहोलचा उपयोग नाही. पाणी आदल्या रात्री काढून, झाकण सैल ठेवून, खोलीच्या तापमानाला मुरू द्या.

पाणी बदलायची रीतही तितकीच महत्त्वाची. रुंद प्लास्टिक पाइपचा १० सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि एका तोंडाला १५० मायक्रॉनची नायलॉन जाळी चिकटवा. चाळण उथळ वाडग्यात अशी ठेवा की जाळी कायम २-३ सेंटिमीटर पाण्याखाली राहील. बरणी कडेकडेने, संथ ओता. अळ्या जाळीवर राहतात; सिलिएट, विष्ठा, उरलेलं शैवाल खाली जातं. जाळी एक क्षणही कोरडी पडू देऊ नका, कोरड्या जाळीवर व्हेलम फाटतं आणि कवचात हवा शिरते. मग चाळण नव्या बरणीवर उलटी धरून धुण्याच्या बाटलीने मागून पाण्याची हलकी धार सोडा. नवं आणि जुनं पाणी तापमानात १ अंशाच्या, क्षारतेत १-२ च्या आत असू द्या.

मेलेल्या वेगळ्या काढायच्या तर बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवा. पोहणाऱ्या वर येतात. वरचं तीन-चतुर्थांश पाणी चाळणीवर ओता, तळाचं वेगळ्या बशीत घेऊन तपासा, त्यातल्या जिवंत रुंद तोंडाच्या पिपेटने उचला. मेलेलं एकही कवच नव्या बरणीत जाता कामा नये, एकेका कवचात सिलिएटांचं अख्खं गाव असतं.

भांडी: अळ्यांच्या बरण्या साबणाला, फॉर्मॅलिनला कधीही लागता कामा नयेत. त्यांच्यावर खूण करून वेगळ्या कपाटात ठेवा. नुसतं गरम पाणी, मग डिस्टिल्ड पाणी, उलट्या घालून वाळवा. नव्या काचेला आधी १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून भरपूर धुवा. नवं प्लास्टिक समुद्राच्या पाण्यात काही दिवस मुरवून ते पाणी फेका. आणि पाणी ज्या नळातून येतं त्यात कुठे पितळी तोटी किंवा तांब्याचा जोड आहे का, ते स्वतः वाकून बघा. शिंपल्या-गोगलगायींच्या अळ्यांना तांबं अगदी थोडंही सोसत नाही.


निवटी

सविस्तर उत्तरांबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोजलं. फ्लास्कमध्ये मिलिला फक्त ११ लाख पेशी निघाल्या, आणि फ्लास्क जुना आहे, तळाला साका धरलाय. चहाचा रंग यायला मी लिटरभर पाण्यात २८० मिलिच्या आसपास ओतत होतो. बसलेल्या अळ्यांचं पोट फिकट, जवळजवळ पारदर्शक आहे. काहींच्या व्हेलमची कड कुरतडल्यासारखी. रिकाम्या कवचांत सिलिएट गरगर फिरताहेत. वर तरंगणाऱ्या मात्र जिवंत आहेत, पोट तपकिरी.

११ लाखांच्या हिशेबाने ८०० मिलिला १३१ मिलि घालावं लागेल. चालेल का? आणि रूपांतराला तयार झाल्या हे नेमकं कसं ओळखायचं?


तिसऱ्या

१३१ मिलि घालू नका. तुमचं मूळ दुखणं बहुधा तिथेच आहे. लिटरमध्ये २८० मिलि फ्लास्क म्हणजे बीकरमधलं चतुर्थांशाहून जास्त पाणी एफ/२ माध्यमाचं (शैवाल वाढवायच्या खतपाण्याचं): नायट्रेट, फॉस्फेट, धातूंचे क्षार, आणि जुन्या फ्लास्कमधले जिवाणू. पेशी मिलिला ३ लाखांवर, त्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या आणि चिकटून गुठळ्या झालेल्या. अळ्यांना तुम्ही खाण्यापेक्षा खत जास्त दिलंत.

शैवाल वाढीच्या भरात असतानाच वापरा. नवा फ्लास्क मिलिला १ लाख पेशींपासून सुरू करा, २०-२४ अंश, भरपूर उजेड, सतत हवा. साधारण आठवड्याने ३० ते ५० लाखांवर जाईल, तेव्हा काढायला घ्या. दर तीन-चार दिवसांनी नवा फ्लास्क लावत गेलात तर हाताशी कायम एक ऐन भरातला असतो. रंग सोनेरी-तपकिरी आणि एकसारखा हवा. हिरवट झाक आली, तळाला साका बसला किंवा वास आला तर तो फ्लास्क फेकायचा, त्यावर विचार करत बसायचं नाही.

माध्यम काढायचं असेल तर हलकं सेंट्रिफ्यूज करा, १००० जी च्या आसपास पाच-दहा मिनिटं. टी-आयसोला कडक भित्ती नाही, जोरात फिरवलं तर पेशी फुटतात आणि त्यांतलं सगळं पाण्यात उतरतं. वरचं पाणी ओतून गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात हलकेच परत मिसळा, पुन्हा मोजा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पोहताना दिसतात का बघा. पोहत नसतील तर ती खेप अळ्यांना देऊ नका.

(जुन्या लेखांत हिला आयसोक्रायसिस गॅल्बानाचा ताहिती वाण म्हटलेलं सापडेल. २०१३ पासून नाव टिसोक्रायसिस ल्युटिया आहे. शैवाल तेच.)

आता तयारीची ओळख. आकार हा अंदाज, पुरावा नव्हे. एकाच मादीच्या, एकाच बरणीतल्या दोन अळ्या ८५० मायक्रॉनला असताना एक तयार असते, दुसरी नसते. म्हणून ७५० च्या पुढे दर दुसऱ्या दिवशी चाचणी घ्या. नेहमीच्या पाण्यात पोटॅशियम क्लोराइड २० मिलिमोलरने वाढवायचं: १ मोलरचं द्रावण करून ९८ मिलि समुद्राच्या पाण्यात २ मिलि. लिटरला थेट वजन करून घालायचं तर १.४९ ग्रॅम. छोट्या तीन बशांत प्रत्येकी १० अळ्या या पाण्यात, आणि तीन बशांत प्रत्येकी १० साध्या पाण्यात. सहा तासांनी मोजा.

काय मोजायचं हे नीट ठरवून घ्या, बहुतेक चुका इथेच होतात. तळाला बसणं म्हणजे रूपांतर नव्हे. व्हेलम गेलं पाहिजे. रूपांतर झालेलं पिल्लू पायावर सरकतं, डोक्याशी दोन स्पर्शिका मोकळ्या दिसतात, आणि जिथे व्हेलमच्या दोन पाकळ्या थरथरत होत्या तिथे काहीच उरलेलं नसतं. नुसती मिटून पडलेली अळी असेल तर तिला साध्या पाण्यात घालून थोडा वेळ थांबा, ती पाकळ्या उघडून पोहू लागेल. ३० पैकी किती झाल्या ते लिहा, साध्या पाण्यातले वजा करा. मोजून झालं की सगळी पिल्लं साध्या पाण्यात परत, पोटॅशियममध्ये रात्रभर ठेवू नका.

कवचाची लांबी मोजताना अळी खोलगट स्लाइडवर अगदी कमी पाण्यात ठेवा, कुशीवर पडली की मोजा. फारच वळवळत असेल तर लिटरला ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण (सहा रेणू पाणी असलेला क्षार) समुद्राच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळून काही मिनिटं. किमान १५-२० अळ्या मोजा, आणि उचलताना मोठ्या-मोठ्या वेचू नका, बरणी हलवून येतील त्या घ्या.

तयार झालेल्या अळ्यांना उपाशी ठेवू नका. क्रेपिड्युलात उपासाने रूपांतर लवकर होतं खरं, पण त्या पिल्लांची पुढची वाढ मंदावते. प्रयोग पिल्लांच्या वाढीवर असेल तर शेवटच्या दोन दिवसांतली ही ढिलाई सगळे आकडे बिघडवते.


खुबडी

कोकणात हाच धागा वाचून कोणी बॅबिलोनिया स्पायराटा या समुद्री गोगलगायीवर काम करणार असेल, म्हणून फरकाचे मुद्दे. वरची पाणी, चाळण, मोजमापाची सगळी शिस्त जशीच्या तशी लागू.

क्रेपिड्युलाची मादी कॅप्सूल पायाखाली धरून बसते, बॅबिलोनिया त्या बाहेर घालते: देठाच्या, पारदर्शक, एकेकीत काहीशे अंडी. कॅप्सूल हाताने ओढू नका, देठ ज्या खड्याला किंवा रेतीला धरून आहे त्यासकट उचला. गाळलेल्या पाण्यात धुऊन जाळीच्या ट्रेमध्ये, हलक्या वाहत्या पाण्यात ठेवा. दुधाळ, गुलाबी किंवा ढगाळ झालेली कॅप्सूल रोज काढून टाका, नाहीतर शेजारच्या बिघडतात. तापमान २७-२९ अंश. साधारण आठवड्यात व्हेलिजर (व्हेलमने पोहणाऱ्या अळ्या) बाहेर पडतात, आणि पुढे दोन-अडीच आठवड्यांत तळाला येऊ लागतात. टी-आयसोबरोबर कीटोसेरॉस हे शैवालही द्या. एकट्या नॅनोक्लोरोप्सिस शैवालावर वाढवू नका, त्याची भित्ती जाड, अळ्यांच्या पोटातून तशीच बाहेर पडलेली दिसते.

मोठा फरक रूपांतरानंतर. क्रेपिड्युलाचं पिल्लू कल्ल्यांनी गाळून तेच शैवाल खात राहतं. बॅबिलोनियाचं पिल्लू एका रात्रीत मांसाहारी होतं. सोंड आली की शैवालाचा उपयोग संपला: तिसऱ्यांचं किंवा कोळंबीचं मांस अगदी बारीक चिरून, जाळीवर धुऊन द्या, आणि दोन तासांत उरलेलं उचला. तळाला धुतलेल्या बारीक रेतीचा पातळ थर हवा.

आणि पिल्लं भिंत चढतात. पाण्याच्या रेषेच्या वर जाऊन तिथेच सुकून मरतात, सकाळी काचेवर तिळासारखे ठिपके दिसतात. मृत्यूचं कारण शोधत पाणी तपासत बसण्याआधी ही रेष बघा. रेषेच्या वर काठाने सतत पाण्याची बारीक फवार ठेवली की ती वर टिकत नाहीत. ते शक्य नसेल तर निदान पहिले दोन आठवडे संध्याकाळी आणि पहाटे मऊ ब्रशने खाली ढकला.

पावसाळ्यात पाणी खाडीच्या तोंडाशी घेऊ नका. जून ते सप्टेंबर क्षारता एका ओहोटीत कोसळते. घ्यायचंच तर उधाणाच्या भरतीला, मोकळ्या किनाऱ्याला, रिफ्रॅक्टोमीटर हातात ठेवून. मेअखेर टाक्या भरून अंधारात झाकून ठेवलेलं पाणी त्याहून भरवशाचं.


निवटी

फ्लास्क बदलला, चौथ्या खेपेला २०० अळ्यांच्या सहा बरण्या लावल्या. एअरस्टोन काढला. सहाव्या दिवसाचं माप: २० अळ्यांची सरासरी ७१५ मायक्रॉन, बरणीमागे तळाला ५ ते ९. नळाचा एक जोड पितळी निघाला, तो बदलून घेतोय. पोटॅशियमची पहिली चाचणी आठव्या दिवशी लावतो, आकडे इथेच टाकेन.


उधाण

जोड बदलेपर्यंत त्या नळाचं पाणी वापरूच नका, बाहेरून कॅनमध्ये आणा. आणि सहा बरण्यांपैकी दोन चाचणीसाठी राखून ठेवा, बाकी चारला हात लावू नका. नाहीतर चाचणीसाठी वेचता वेचता शेवटी मोजायला फक्त सावकाश वाढणाऱ्या अळ्या उरतात.